हप्ता चुकण्याआधी

शैक्षणिक कर्ज मंजूर झाल्याची बातमी आपल्याकडे चारचौघांत सांगितली जाते. मुलाला प्रवेश मिळाला, बँकेने कर्ज दिले, असे सांगताना बापाचा आवाज जरा चढलेलाच असतो. पुढे त्याच कर्जाच्या हप्त्याला पैसे कमी पडू लागले, की तो आवाज खाली येतो. शेजाऱ्यांना कळू नये, पाहुण्यांना कळू नये आणि नवल म्हणजे कर्ज देणाऱ्यालाही कळू नये, अशी धडपड सुरू होते. ‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ ही म्हण इतर ठिकाणी खरी असेल. कर्जाच्या खात्यात मात्र झाकलेली मूठ महिन्यागणिक महाग पडत जाते. हप्ता भरणे जमणार नाही असे दिसू लागले, तर तो चुकण्याआधी कर्ज देणाऱ्याच्या दारात कसे जायचे, काय मागायचे आणि मिळालेल्या सवलतीची किंमत कशी मोजायची, हाच माझ्या आजच्या बोलण्याचा विषय आहे.

मी बँकेच्या कर्ज विभागात नोकरी करून निवृत्त झालो. आता आठवड्यातून दोन सकाळी आमच्या भागातल्या वाचनालयात बसतो. लोक आपापले कागद घेऊन येतात, मी ते वाचून दाखवतो, अर्ज लिहायला मदत करतो. या कामात शैक्षणिक कर्जाचे कागद वरचेवर हाती येतात, आणि बहुतेक घरांनी मंजुरीपत्रावर सही केली तरी ते पूर्ण वाचलेले नसते, असा अनुभव आहे.

आधी हे कर्ज चालते कसे, ते पाहू. सरकारी बँका साधारणपणे इंडियन बँक्स असोसिएशनच्या नमुना योजनेप्रमाणे शैक्षणिक कर्ज देतात. ही योजना २००१ मध्ये आली आणि नंतर तिच्यात सुधारणा होत गेल्या. शिक्षणाचा काळ आणि त्यानंतर एक वर्ष एवढ्या मुदतीत हप्ता द्यावा लागत नाही. यालाच मोरॅटोरियम म्हणतात. त्यानंतर जास्तीत जास्त १५ वर्षांत परतफेड करायची. हप्ता नसतो म्हणून व्याज थांबते, अशी अनेकांची समजूत असते. तसे नाही. व्याज साध्या दराने साठत राहते आणि हप्ता ठरवताना ते मुद्दलात मिळवले जाते. म्हणून आठ लाख घेतलेल्या मुलाच्या पहिल्या हप्त्याच्या कागदावर दहा-साडेदहा लाखांचा आकडा दिसतो, आणि घरातले चक्रावून जातात.

खासगी बँका आणि फायनान्स कंपन्या यांची गोष्ट थोडी वेगळी आहे. त्या मोठी रक्कम देतात, मंजुरीही लवकर देतात, परदेशी शिक्षणासाठी तर अनेकांचा ओढा त्यांच्याकडेच असतो. पण फायनान्स कंपन्यांचे व्याज बहुधा सरकारी बँकेपेक्षा जास्त असते. काही ठिकाणी शिक्षण चालू असतानाच व्याजाचा सगळा किंवा काही भाग दरमहा भरावा लागतो. कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी केंद्र सरकारची व्याज अनुदान योजना २००९ पासून आहे. तिचा लाभ नमुना योजनेखाली बँकेने दिलेल्या कर्जाला मिळतो, फायनान्स कंपनीच्या कर्जाला नाही. सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे, अडचणीच्या वेळी काय सवलत द्यायची हे अशा ठिकाणी त्यांचे अंतर्गत धोरण आणि तुम्ही सही केलेला करार यांवर ठरते.

इथे एक गैरसमज दूर करतो. अमेरिकेत राहणाऱ्या नातेवाइकांकडून ऐकलेले असते, की तिथे पगाराच्या प्रमाणात हप्ता बांधून मिळतो. ती सोय तिथल्या सरकारी कर्जांना आहे. खासगी कर्जाच्या बाबतीत तिथेही कर्ज देणाऱ्याच्या दारातच उभे राहावे लागते. आपल्याकडे पगाराच्या प्रमाणात हप्ता मागण्याचा कायदेशीर हक्क कोणत्याच शैक्षणिक कर्जाला नाही. म्हणून सवलत मागावी लागते, पटवून द्यावी लागते आणि लेखी मिळवावी लागते.

कर्ज कोणाचे, हाही प्रश्न घरोघरी धूसर असतो. मुलगा म्हणतो, कर्ज बाबांनी काढले. बाबा म्हणतात, कर्ज मुलाच्या नावावर आहे, मी नुसती सही केली. कागद मात्र दोघांनाही कर्जदार म्हणतो. आई किंवा वडील सहकर्जदार असतात, म्हणजे हप्ता थकला तर दोघांकडेही मागणी होते आणि दोघांच्याही पतअहवालात त्याची नोंद पडते. उद्या धाकटीच्या शिक्षणासाठी किंवा घराच्या दुरुस्तीसाठी वडिलांनी कर्ज मागितले, तर थोरल्याचा थकलेला हप्ता तिथे आडवा येतो. सिबिलसारख्या संस्थेचा पतगुणांक ३०० ते ९०० यांच्यामध्ये असतो. तो घसरायला दोन-तीन महिने पुरतात, चढायला वर्षे लागतात.

आता घड्याळाकडे वळू. हप्त्याची तारीख उलटली, की रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे खात्यावर खूण होते. १ ते ३० दिवस ही पहिली पायरी, ३१ ते ६० दिवस ही दुसरी, ६१ ते ९० दिवस ही तिसरी. थकबाकी ९० दिवसांच्या पुढे गेली, की खाते अनुत्पादक ठरते. बँकेच्या भाषेत त्याला एनपीए म्हणतात. इथून पुढे शाखा व्यवस्थापकाचे हात बरेचसे बांधले जातात. खाते वसुली विभागाकडे जाते आणि बोलणारा माणूस बदलतो. पुष्कळांना वाटते, की एखादा हप्ता भरला की खाते पुन्हा सरळ होईल. रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०२१ मध्ये स्पष्ट केले, की एकदा अनुत्पादक ठरलेले खाते व्याज आणि मुद्दल यांची सगळी थकबाकी भरल्यावरच नियमित धरायचे. म्हणजे पहिल्या महिन्यात एका हप्त्याने सुटणारा प्रश्न चौथ्या महिन्यात चार हप्ते आणि त्यांवरच्या दंडाचा होतो.

कर्जाला घर तारण दिले असेल, तर धोका आणखी मोठा. २००२ च्या सरफेसी कायद्याप्रमाणे खाते अनुत्पादक झाल्यावर ६० दिवसांची नोटीस देऊन न्यायालयात न जाता तारण मालमत्तेचा ताबा घेण्याची कारवाई करता येते. शेतजमीन या कायद्यातून वगळलेली आहे. पण म्हणून वसुलीचा दावाच होणार नाही, असे समजू नये.

थोडक्यात, पहिल्या ९० दिवसांत तुमच्या शब्दाला जे वजन असते, ते नंतर राहत नाही. एकही हप्ता न चुकवता आलेला कर्जदार समोर बसला, की अधिकाऱ्याला त्याच्यात अडचणीत आलेला प्रामाणिक माणूस दिसतो. चार नोटिसांनंतर आलेला तोच माणूस त्याला टाळाटाळ करणारा वाटतो. माणूस तोच असतो, पण खातेउतारा बदललेला असतो.

मग मागायचे काय? सवलतीचे मुख्य प्रकार स्वस्ताकडून महागाकडे अशा क्रमाने सांगतो. हिशोब सोपा व्हावा म्हणून १० लाखांचे कर्ज, १० टक्के व्याज आणि १० वर्षांची मुदत धरू. याचा हप्ता महिना सुमारे १३,२१५ रुपये येतो.

पहिला प्रकार, काही महिने फक्त व्याज भरणे. सुरुवातीच्या काळात १० लाखांवर महिन्याचे व्याज ८,३३३ रुपये होते. म्हणजे हप्ता जवळजवळ पाच हजारांनी हलका होतो आणि कर्ज वाढत नाही. घरात थोडीफार आवक असेल, तर ही सर्वांत स्वस्त सवलत. पण ती लोक फारशी मागत नाहीत, कारण अशी काही सोय असू शकते हेच ठाऊक नसते.

दुसरा प्रकार, काही महिने हप्ता पूर्ण थांबवणे. नमुना योजनेत बेकारीचा किंवा अपुऱ्या कमाईचा काळ लक्षात घेऊन कर्जाच्या एकूण मुदतीत दोन-तीन वेळा अशी सवड देण्याची तरतूद आहे. सरकारी बँकेत गेलात, तर या तरतुदीचा उल्लेख अर्जात अवश्य करा. तुमच्या बँकेने ती आपल्या योजनेत कशी घेतली आहे, हेही विचारा. फायनान्स कंपनीवर ही नमुना योजना बंधनकारक नाही, तरी मागायला हरकत नाही. किंमत मात्र ध्यानात ठेवा. सहा महिन्यांचे ५०,००० रुपये व्याज मुद्दलात मिळवले आणि पुन्हा १० वर्षांचे हप्ते बांधले, तर हप्ता सुमारे ६६० रुपयांनी वाढतो. १२० महिन्यांत ते जवळपास ७९,००० रुपये होतात.

करोनाच्या काळात हाच धडा सगळ्या देशाला मिळाला. रिझर्व्ह बँकेने मार्च ते ऑगस्ट २०२० असे सहा महिने हप्ते पुढे ढकलण्याची मुभा दिली होती. हप्ते माफ झाले असे समजून अनेक जण निर्धास्त राहिले. नंतर व्याजासह आकडा समोर आला. व्याजावरचे व्याज तेवढे परत मिळाले. मूळ व्याज सर्वांनाच भरावे लागले. ती मुभा तेव्हाच संपली. आज कोणी ‘करोनाची सवलत मिळवून देतो’ म्हणून पैसे मागत असेल, तर त्याला दारातूनच परत पाठवा.

तिसरा प्रकार, मुदत वाढवणे. आपल्या उदाहरणात १० वर्षांची मुदत १५ केली, तर हप्ता १०,७४६ रुपयांवर येतो. दरमहा सुमारे २,४७० रुपये वाचतात. पण १० वर्षांत एकूण १५ लाख ८६ हजार भरायचे होते, ते आता १९ लाख ३४ हजार होतात. म्हणजे या सवलतीची किंमत साडेतीन लाखांच्या आसपास आहे. शिवाय आयकराच्या जुन्या पद्धतीत शैक्षणिक कर्जाच्या व्याजावर मिळणारी वजावट व्याज भरायला लागल्यापासून आठ वर्षेच मिळते, मुदत कितीही लांबवली तरी. तरीही हप्ता थकण्यापेक्षा मुदत वाढवणे बरे. पगार सुरू झाल्यावर जास्तीची रक्कम भरून मुदत पुन्हा कमी करता येते. बदलत्या दराच्या वैयक्तिक कर्जावर मुदतीपूर्वी फेडल्याचा दंड घ्यायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे.

चौथा प्रकार, चढता हप्ता. पहिली काही वर्षे कमी आणि पगार वाढेल तसा जास्त. नुकती नोकरी लागलेल्या, पण पगार तुटपुंजा असलेल्या मुलांना तो सोयीचा पडतो. पाचवा प्रकार, कर्जच दुसरीकडे हलवणे. फायनान्स कंपनीचे महाग कर्ज सरकारी बँकेत वर्ग करून घेता येते; पण त्यासाठी खाते नियमित आणि कमाई सुरू असावी लागते. म्हणून हा उपाय अडचण येण्याआधीचा आहे, बुडू लागल्यावरचा नाही.

शेवटचा प्रकार, एकरकमी तडजोड. थकलेल्या खात्यात काही रक्कम सोडून बाकीची एकदम भरून घेतात. ऐकायला गोड वाटते, पण पतअहवालात ‘तडजोडीने बंद’ अशी नोंद राहते आणि पुढचा कर्ज देणारा ती पाहून मागे सरतो. खात्याची औपचारिक पुनर्रचना केली, तर तिचीही नोंद होते. म्हणून जी काही सवलत मिळेल, ती पतअहवालात कशी नोंदली जाणार, हा प्रश्न सही करण्याआधी विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

आता अर्जाविषयी. गेल्या वर्षी एक गृहस्थ मुलीला घेऊन वाचनालयात आले. स्वतः कारखान्यात फिटर, निवृत्तीला दोन वर्षे उरलेली. मुलगी अभियंता झालेली, हाती नेमणूकपत्र होते, पण रुजू होण्याची तारीख कंपनी दर दोन महिन्यांनी पुढे ढकलत होती. कर्ज एका फायनान्स कंपनीचे. पहिला हप्ता वीस दिवसांवर आलेला.

“साहेब, दोन-तीन हप्ते मी फंडातून काढून भरतो, तोवर हिचं काहीतरी होईलच,” गृहस्थ म्हणाले.

“आणि नाही झालं तर चौथा कुठून भरणार?” मी विचारले. ते गप्प बसले.

मुलगी म्हणाली, “काका, आपणहून सांगितलं तर ते नाव खराब करतील ना?”

ही भीती सगळ्यांनाच असते, म्हणून सांगतो. अडचण कळवल्याने पतअहवालात काही लिहिले जात नाही. लिहिले जाते ते हप्ता थकल्याने. आम्ही त्याच दिवशी अर्ज लिहायला घेतला. आधी घरची आवक आणि खर्च एका कागदावर मांडला. वडिलांचा पगार, घरभाडे, किराणा, आजीची औषधे, सोसायटीच्या कर्जाची कपात. हे सगळे वजा जाता महिन्याला नऊ हजार उरत होते. हप्ता होता चौदा हजारांवर. मग मागणी आपोआप ठरली: सहा महिने फक्त व्याज.

अर्जात काय लिहिले, ते थोडक्यात सांगतो. कर्ज खात्याचा क्रमांक आणि दोन्ही कर्जदारांची नावे. मग, ‘आमचा पहिला हप्ता अमुक तारखेला देय आहे. मुलीची नेमणूक झाली असून रुजू होण्याची तारीख पुढे गेली आहे, नियोक्त्याची पत्रे सोबत जोडली आहेत. आजच्या मिळकतीत आम्ही महिना नऊ हजार रुपये भरू शकतो. तरी सहा महिने फक्त व्याज आकारावे आणि त्यानंतर ठरल्याप्रमाणे पूर्ण हप्ता घ्यावा, ही विनंती. सवलत मंजूर झाल्यास हप्त्यांचे नवे वेळापत्रक आणि पतअहवालातील नोंद याविषयी लेखी कळवावे.’ एवढेच. त्यात रडगाणे नव्हते, कायद्याची धमकी नव्हती आणि जमणार नाही असे आश्वासनही नव्हते. सोबत नेमणूकपत्र, तारीख पुढे गेल्याची पत्रे, वडिलांची पगारपत्रके, सहा महिन्यांचा खातेउतारा आणि जमाखर्चाचा तो कागद.

अर्ज दोन प्रतींत न्यावा आणि आपल्या प्रतीवर तारखेसह पोच घ्यावी. फायनान्स कंपनीची शाखा जवळ नसेल, तर ईमेल करावा आणि स्पीड पोस्टनेही पाठवावा. फोनवर ‘बघतो, करतो’ असे कोणी म्हणाले, तर त्याचे नाव, तारीख आणि वेळ वहीत लिहून ठेवावी. आणि लेखी मंजुरी येईपर्यंत आधीचाच हप्ता चालू आहे असे समजावे. जमेल तेवढी रक्कम भरत राहावी. त्या घराला कंपनीने आधी नकार कळवला, मग दुसऱ्या पत्रानंतर चार महिने फक्त व्याज घेण्याचे मान्य केले. सहा मागितले, चार मिळाले. तिसऱ्या महिन्यात मुलगी कामावर रुजू झाली, आणि वडिलांच्या फंडाला हात लावावा लागला नाही.

परदेशात शिकून तिथेच नोकरी करणाऱ्या मुलांबद्दलही दोन शब्द. अमेरिकेत एच-१बी व्हिसावर असलेल्या माणसाची नोकरी गेली, तर नवी नोकरी शोधायला किंवा परतायला साधारण ६० दिवस मिळतात. त्या घालमेलीत इथल्या हप्त्याची आठवण शेवटी होते, आणि वसुलीचा फोन गावाकडच्या आईवडिलांना येतो. म्हणून नोकरी गेल्याच्या आठवड्यातच मुलाने घरी सांगावे. वडील सहकर्जदार आहेत, त्यामुळे इथे अर्ज देण्याचा त्यांना अधिकार आहे. मुलाचे कामावरून कमी केल्याचे पत्र आणि त्याचा सही केलेला अर्ज ईमेलने मागवून सोबत जोडावा. ज्याचे शिक्षणच आजारपणामुळे किंवा इतर कारणाने लांबले, त्याने तेही कळवावे. नमुना योजनेत अभ्यासक्रम पूर्ण करायला दोन वर्षांपर्यंत वाढ देण्याची सोय आहे.

आता नकार मिळाला तर? सवलत द्यायची की नाही, हा कर्ज देणाऱ्याचा व्यावसायिक निर्णय मानला जातो. म्हणून केवळ ‘मला सवलत दिली नाही’ एवढ्यावर लोकपालाकडे फारसे हाती लागत नाही. पण अर्जाला उत्तरच न देणे, करारात नसलेला आकार लावणे, चुकीची नोंद पतसंस्थेकडे पाठवणे, वसुलीसाठी त्रास देणे, या सेवेतल्या त्रुटी आहेत. त्यांची तक्रार आधी बँकेच्या किंवा कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी करावी. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा समाधान झाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. तिथे शुल्क नाही आणि वकीलही लागत नाही. बँका आणि मोठ्या फायनान्स कंपन्या यांच्यासाठी २०२१ पासून ही व्यवस्था एकत्र झाली आहे.

आणखी काही नियम माहीत असावेत. वसुलीचा फोन सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर करू नये, असे रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२२ मध्ये बजावले आहे. शिवीगाळ करणे, नातेवाइकांना फोन करून बदनामी करणे, यालाही मनाई आहे. हप्ता चुकल्याचा दंड व्याजाच्या दरात मिसळता येत नाही आणि त्या दंडावर पुन्हा व्याज लावता येत नाही. हा नियम २०२४ पासून अमलात आला. फायनान्स कंपनीने कर्जाच्या अटी तुम्हाला समजणाऱ्या भाषेत कळवायच्या असतात. पत्र मराठीत मागण्यात संकोच कसला? पतअहवालातली चूक कळवल्यावर ती ३० दिवसांत दुरुस्त झाली नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळण्याची तरतूद आहे.

काही गोष्टी कटाक्षाने टाळाव्यात. एक हप्ता भरायला मोबाईलवरच्या ॲपमधून झटपट कर्ज काढू नका. दहा-बारा टक्क्यांचे देणे फेडायला त्याहून कितीतरी महाग देणे अंगावर घेणे, हा आगीतून फुफाट्यात जाण्याचा प्रकार आहे. ‘सिबिल साफ करून देतो’ म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. खरी नोंद कोणालाच पुसता येत नाही. आणि कर्जमाफीची वाट पाहू नका. आपल्या राज्यात २००८, २०१७ आणि २०१९ मध्ये कर्जमाफी झाली, ती शेतीच्या कर्जाची. ‘आज ना उद्या शिक्षणाचेही माफ होईल’ म्हणून हप्ते थांबवलेली माणसे मी पाहिली आहेत. त्यांचे कर्ज तर राहिलेच, वर व्याज वाढले. साडेसात लाखांपर्यंतच्या विनातारण कर्जाला सरकारी हमी निधीचे संरक्षण असू शकते. पण ते बँकेला असते. हमी निधीने बँकेला रक्कम दिली, तरी कर्जदाराचे देणे फिटत नाही.

शेवटी आईवडिलांना आणि मुलांना वेगवेगळे सांगतो. आईवडिलांनो, नोकरी मिळत नाही म्हणून मूल आधीच खचलेले असते. हप्त्याचा विषय टोमण्यात काढू नका. कागद समोर ठेवून काढा. मुलांनो, बाबा काहीतरी करतील, असे म्हणून गप्प बसू नका. बाबा जे काहीतरी करतात, त्यात त्यांची म्हातारपणाची पुंजी जाते, आणि ते तुम्हाला सांगतही नाहीत.

ज्यांचा हप्ता अजून सुरू व्हायचा आहे, त्यांनी या आठवड्यात मंजुरीपत्र बाहेर काढून तीन गोष्टी पाहाव्यात: मोरॅटोरियम कोणत्या तारखेला संपतो, तोवर व्याज धरून देणे किती होईल आणि अडचणीच्या काळासाठी करारात काय लिहिले आहे. त्या तारखेच्या दोन महिने आधी जमाखर्चाचा कागद मांडावा. जमत असेल तर उत्तमच. जमत नसेल तर अर्ज लिहायला घ्यावा. शिक्षणासाठी कर्ज काढले यात कमीपणा नव्हता; ते फेडायला थोडी सवड मागण्यातही नाही.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)